सगळी पिकं एकाच आठवड्यात तहानलेली नकोत

२०२३ चा ऑगस्ट कोरडवाहू शेतकरी सहजासहजी विसरणार नाही. हवामान खात्याकडे १९०१ पासूनच्या नोंदी आहेत, आणि देशभराचा हिशेब धरला तर त्यात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. मराठवाड्यात तेव्हा सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगांत चाललं होतं. पेरणीनंतर महिन्याभरानं पावसानं आठ-दहा दिवस दडी मारली तर सोयाबीन तग धरतं, वाढ थोडी खुंटते एवढंच. पण फुलं लागताना आणि दाणा भरताना जमीन कोरडी पडली, तर फुलं गळतात, ज्या शेंगा धरतात त्यांत दाणा बारीक राहतो, आणि नंतर कितीही पाऊस आला तरी गेलेलं परत येत नाही.

त्याच शेतात सोयाबीनच्या ओळींमधून तुरीच्या दोन-दोन ओळी असतील, तर त्यांची गोष्ट वेगळी होती. तूर तेव्हा मांडीएवढी होती. तिला फुलं यायला अजून दीड-दोन महिने होते. दुपारी पानं मलूल व्हायची, पहाटे पुन्हा ताठ दिसायची. सप्टेंबरमध्ये पाऊस आला तेव्हा तिनं वाढ पुन्हा सुरू केली. सोयाबीनचं नुकसान तुरीनं भरून काढलं असं म्हणणार नाही, कारण सगळीकडे तसं झालं नाही. पण ज्या घरी तूर होती त्या घरी संक्रांतीच्या सुमारास विकायला काहीतरी होतं.

आता दोन वर्षं मागे जाऊ. २०२१ चा सप्टेंबर संपत आला होता. ‘गुलाब’ चक्रीवादळाचं उरलेलं कमी दाबाचं क्षेत्र मराठवाड्यावरून गेलं, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि कित्येक ठिकाणी झाडावरच शेंगांना कोंब फुटले. म्हणजे एकदा पाणी नाही म्हणून गेलं, एकदा पाणी जास्त म्हणून गेलं. आपल्याकडे हवामान बदल समोर येतो तो असा. वर्षाची सरासरी बघितली तर फारसं बिघडलेलं दिसत नाही. पाऊस पडतो, पण वेळ चुकवून पडतो, आणि चार आठवड्यांचा चार दिवसांत पडतो.

अशा वेळी ‘एकच पीक घेऊ नका, वेगवेगळी पिकं घ्या’ हा सल्ला सगळेच देतात. कृषी सहायक देतो, टीव्हीवरचा तज्ज्ञ देतो. सल्ला बरोबर आहे, पण त्यामागचं कारण कुणी नीट सांगत नाही आणि त्यामुळे तो चुकीच्या पद्धतीनं पाळला जातो. पिकांची संख्या वाढवून घर वाचत नाही. पिकं वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या वेळी बुडणारी असतील, तरच घर वाचतं. या लेखात मला एवढंच उलगडून सांगायचं आहे.

पाचात एक, आठात एक, छत्तीसात एक

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या राव आणि विली या शास्त्रज्ञांनी १९८० साली ज्वारी आणि तुरीच्या आंतरपिकाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका वर्षाच्या एका प्लॉटवर समाधान न मानता त्यांनी ९४ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली आणि प्रश्न विचारला तो शेतकऱ्याच्या मनातला: उत्पन्न एका ठरावीक पातळीच्या खाली, म्हणजे घर चालणार नाही इतकं खाली, किती वेळा जातं?

नुसती तूर घेतली तर पाच वर्षांत एकदा. नुसती ज्वारी घेतली तर आठ वर्षांत एकदा. दोन्ही एकत्र घेतली तर छत्तीस वर्षांत एकदा.

हा आकडा मला कोरडवाहू शेतीबद्दलच्या सगळ्या आकड्यांत मोलाचा वाटतो. पाच वर्षांतून एकदा घर बुडत असेल, तर माणूस एका कर्जातून निघायच्या आत दुसऱ्यात अडकतो. छत्तीस वर्षं म्हणजे एका माणसाच्या हातात शेतीचा कारभार असतो तेवढा जवळजवळ सगळा काळ.

असं का होत असेल? दोन पिकांचं नशीब एकमेकांशी अजिबात बांधलेलं नसेल, तर दोन्ही एकाच वर्षी बुडण्याची शक्यता हा साधा गुणाकार असतो. पाचात एक गुणिले आठात एक, म्हणजे चाळीसात एक. शास्त्रज्ञांनी छत्तीस हा आकडा असा गुणाकार करून काढला नाही, तो प्रत्यक्ष प्रयोगांच्या नोंदींवरून आला. पण गुणाकार समजला की गोष्ट समजते. दोन्ही पिकं एकाच कारणानं, एकाच आठवड्यात माना टाकत असतील, तर हा गुणाकार लागूच होत नाही. मग दोन पिकं असूनही धोका एकाच पिकाएवढा राहतो.

शिवाय हे संरक्षण फुकटात मिळावं इतकं स्वस्त आहे. ज्वारीच्या ओळीत तूर घातली तर ज्वारीचं उत्पन्न फार घटत नाही, आणि वर तुरीचं, नुसती तूर घेतल्यावर जेवढं आलं असतं त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. ज्वारी साडेतीन-चार महिन्यांत निघून जाते, तोवर तूर सावकाश वाढत असते. ज्वारी निघाल्यावर उघडा पडलेला सूर्यप्रकाश आणि खालची ओल तुरीच्या वाट्याला येते. दोघींची भूक एकाच वेळी नसते, म्हणून एका एकरात दीड एकराच्या जवळपास काम होतं.

जमिनीच्या वर आणि जमिनीच्या खाली

काढणीनंतर सोयाबीनचं झाड उपटून पाहा. हाताला सहज येतं. बहुतेक मुळं वरच्या वीतभर-हातभर मातीत पसरलेली असतात. त्याच्या शेजारची तूर मात्र सहजासहजी उपटत नाही, कुदळ घ्यावी लागते. तिचं सोटमूळ काळ्या मातीत खोल उतरलेलं असतं. सप्टेंबरच्या पावसाचं जे पाणी खाली मुरलं, ज्यापर्यंत सोयाबीन कधी पोचलंच नाही, ते पाणी तूर नोव्हेंबरात वापरते. करडई हे काम रब्बीत करते. हरभऱ्याच्या खालचा थर कोरडा पडतो तिथून पुढे करडईचं मूळ जातं. मराठवाडा आणि सोलापूर हा एके काळी करडईचा मुलूख होता. ज्वारीच्या रानाच्या कडेनं करडईचे पाटे असायचे, कारण काटेरी करडईतून गुरं आत शिरत नाहीत. तेल मिळायचं ते वेगळंच. तेवढं एक पीक हळूहळू नाहीसं झालं आणि त्याबरोबर खालच्या थरातलं पाणी वापरणारा एक भिडूही गेला, याचं मला वाईट वाटतं.

मुळांची खोली हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा वेळेचा आहे. मूग-उडीद साठ-सत्तर दिवसांत तोडणीला येतात. बाजरी ऐंशी-नव्वद दिवसांत. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास. खरीप ज्वारी त्याच्या थोडी पुढे. तूर साडेपाच-सहा महिने. या प्रत्येक पिकाच्या आयुष्यात दोन-तीन आठवडे असे असतात, की तेव्हा पाणी हवं म्हणजे हवंच. मुगाचे ते आठवडे जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टच्या सुरुवातीला येतात, सोयाबीनचे ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, तुरीचे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पावसाचा खंड कुठल्या आठवड्यात पडेल हे कुणालाच सांगता येत नाही. तो कुठल्याही आठवड्यात पडला तरी सगळ्या पिकांच्या मानेवर एकदम पाय पडणार नाही, एवढी व्यवस्था मात्र शेतकऱ्याच्या हातात असते.

तुरीचा आणखी एक गुण आहे. ती एकदाच फुलत नाही. धुई पडली, पहिला बहर गळाला, तरी ओल असेल तर ती पुन्हा फुलं धरते. सोयाबीनला दुसरी संधी जवळजवळ नसते.

आणि एक पीक मेलं की दुसरं त्याची जागा घेतं. पट्ट्यात सोयाबीन विरळ उगवलं, तर शेजारच्या तुरीच्या फांद्या तिकडे पसरतात. नुसत्या सोयाबीनच्या रानात तीच मोकळी जागा तणाला जाते.

कीड-रोगांचंही असंच. तुरीच्या मर रोगाची बुरशी जमिनीत राहते. तुरीत ज्वारी असली की मरीचं प्रमाण कमी राहतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तूर किंवा हरभरा पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळायची जुनी पद्धत आहे. त्या ज्वारीच्या ताटांवर पक्षी बसतात आणि घाटेअळी टिपतात. कृषी विद्यापीठं आजही ही शिफारस करतात.

दिसायला वेगळी, बुडायला सारखी

आता फसवणूक कुठे होते ते सांगतो. एखाद्या घरी कापूस, तूर आणि हरभरा अशी तीन पिकं आहेत. कागदावर हे चांगलं वैविध्य आहे. पण ती हिरवी घाटेअळी तिघांवरही जगते. कापसावरून तुरीवर, तुरीवरून हरभऱ्यावर, असा तिचा वर्षभराचा मुक्काम त्या एकाच घराच्या रानात होऊ शकतो. 

किंवा एकाच शेतकऱ्याकडे सोयाबीनचे तीन वाण आहेत. काढणी आठ-दहा दिवसांनी मागेपुढे होते, त्याचा थोडा फायदा आहे, नाही असं नाही. पण ऑगस्टमध्ये वीस-पंचवीस दिवस पाऊस नसेल, तर तिन्ही वाण त्यात सापडतात. २०२३ मध्ये खंडानंतर पिवळा मोझॅक आला तोही असाच रानामागून रान घेत गेला. शिवारच्या शिवार एका पिकाखाली असलं की रोगाला फार लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रात आज सोयाबीनखाली पन्नास लाख हेक्टरच्या आसपास जमीन आहे. चाळीस वर्षांपूर्वी हे पीक इथे जवळपास नव्हतं.

ते इतकं का पसरलं, याला शेतकऱ्याचा दोष देण्यात अर्थ नाही. खरीप ज्वारीचं कणीस सप्टेंबरच्या पावसात सापडलं की दाणा काळा पडतो, आणि काळ्या दाण्याला बाजारात भाव नाही. राखण करावी लागते, काढणी-मोडणीला माणसं लागतात. सोयाबीन शंभर दिवसांत निघतं, मळणीयंत्रातून थेट पोत्यात जातं, पोतं मोंढ्यात नेलं की पैसे मिळतात, आणि रान हरभऱ्याला मोकळं होतं. हे सगळे खरे फायदे आहेत. चांगल्या पावसाच्या वर्षी नुसतं सोयाबीन घेणाऱ्याच्या हातात मिश्र पीक घेणाऱ्यापेक्षा जास्त पैसे पडू शकतात, हेही खरं आहे. प्रश्न वाईट वर्षाचा आहे, आणि वाईट वर्षं आता एकामागोमाग येऊ लागली आहेत.

घरात काय बदलतं

पिकाचं वैविध्य म्हणजे रानातली गोष्ट, असं वाटतं. माझ्या मते तिचा खरा परिणाम घरात दिसतो.

पैसा कधी येतो ते बघा. नुसतं सोयाबीन असेल तर वर्षाचे सगळे पैसे दसरा-दिवाळीच्या महिन्यात येतात, आणि सगळी देणीही त्याच महिन्यात उभी असतात. कृषी सेवा केंद्राची खता-बियाण्याची उधारी, मळणीची मजुरी, मुलांची फी, दिवाळी. मग भाव कितीही पडलेला असो, माल विकावाच लागतो. २०२१ मध्ये ऑगस्टला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, आणि नवा माल बाजारात यायला लागला तसा भाव निम्म्यावर आला. ज्यांना थांबणं शक्य होतं ते थांबले. ज्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं त्यांनी विकलं.

आता दुसरं घर बघा. पोळा-गौरीगणपतीच्या सुमारास दोन पोती मूग-उडीद विकले. रक्कम मोठी नाही, पण त्यातून फवारणीचा आणि सणाचा खर्च निघाला, उधारी वाढली नाही. दिवाळीला सोयाबीन आलं, त्यातलं थोडं विकलं आणि थोडं ठेवलं, कारण संक्रांतीला तूर येणार आहे हे माहीत आहे. फाल्गुन-चैत्रात हरभरा आणि ज्वारी. अशा घरात कुठलंही एक पीक बुडालं तर मोठा फटका बसतो, पण त्या महिन्यापुरता. पुढचा पैसा दोन-तीन महिन्यांवर असतो. व्याजानं पैसे काढावे लागले तरी वर्षभरासाठी काढावे लागत नाहीत.

चाऱ्याचं गणित याहूनही दुर्लक्षित आहे. ज्वारी गेली आणि तिच्याबरोबर कडबा गेला. सोयाबीनचं भुसकट गुरं खातात, पण कडब्याची सर त्याला नाही. २०१२-१३ मध्ये, पुन्हा २०१५-१६ मध्ये, पुन्हा २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी भागात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. पाणी नव्हतं हे एक कारण. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते २०१६ चं साल. पण घरोघरच्या कडब्याच्या गंज्या आधीच नाहीशा झाल्या होत्या, हेही कारण होतंच. दुष्काळात गाय किंवा बैल पडेल भावात बाजारात जातो, आणि पाऊस परत आल्यावर तोच विकत घ्यायला दुप्पट पैसे लागतात. एक वाईट हंगाम घराला पुढची तीन-चार वर्षं मागे ओढतो तो असा. ज्या घरात दोन एकर ज्वारीचा कडबा रचलेला असतो त्या घराचं जनावर दावणीलाच राहतं, दूध चालू राहतं, शेणखत राहतं. पुन्हा उभं राहायला त्या घराला एकच हंगाम पुरतो.

आणि खाणं. किराणा दुकानातून विकत आणलेली डाळ दुष्काळी वर्षात महाग होते, नेमकी तेव्हाच, जेव्हा हातात पैसा नसतो. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली होती. ज्या शेतकऱ्याच्या घरी वर्षाची डाळ कणगीत होती त्याला त्या भावाची झळ लागली नाही.

ही बाजू सर्वात आधी बायकांच्या लक्षात येते, कारण चूल त्यांना चालवायची असते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामातून पुढे आलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं लातूर, धाराशिव आणि आसपासच्या जिल्ह्यांत नेमका हाच धागा धरला. घरच्या जमिनीतला एक एकर, काही ठिकाणी अर्धाच, बाईनं आपल्या निर्णयासाठी मागून घ्यायचा आणि त्यात भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी अशी अनेक पिकं कमी पाण्यावर आणि घरच्या खतावर घ्यायची. बाकीच्या रानात नवऱ्याचं सोयाबीन चालू राहतं. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला यातली सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते ती त्या एका एकराची मर्यादा. ‘सगळं रान बदला’ म्हटलं असतं तर कुठल्याच घरानं ऐकलं नसतं. एक एकर मागितला तर मिळतो, आणि वाईट वर्षी त्या एकरावर घराचं ताट भरतं, तेव्हा पुढच्या वर्षी त्याबद्दल कुणी वाद घालत नाही.

जिथे याचा उपयोग होत नाही

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात जे झालं त्यापुढे पिकांचं कुठलंही मिश्रण टिकलं नसतं. सीना नदीच्या काठची रानंच्या रानं पाण्याखाली गेली, मातीच खरवडून निघाली. तुरीला साचलेलं पाणी सोयाबीनपेक्षाही कमी सोसतं; दोन-तीन दिवस मुळाशी पाणी राहिलं की ती पिवळी पडते आणि वाळते. अशा वेळी मदत हवी, नुकसानभरपाई हवी, बांधबंदिस्ती हवी. तिथे वैविध्याचा सल्ला देणं म्हणजे जबाबदारी शेतकऱ्यावर ढकलणं आहे.

भावाच्या बाबतीतही वैविध्य पूर्ण संरक्षण देत नाही. २०१५ चे भाव बघून सगळ्यांनी तूर पेरली, २०१६ ला पाऊस चांगला झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव असलेली तूर बाजारात त्याहून बरीच खाली विकली गेली. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदाना (रिकामी पोती) संपला म्हणून माप थांबलं होतं. दोन पिकं असल्यानं त्या वर्षी काहींना आधार मिळाला, पण तुरीनं दगा दिलाच.

मग रोजच्या अडचणी आहेत, ज्यांच्याबद्दल सल्ला देणारे सहसा बोलत नाहीत. सोयाबीनमध्ये सर्रास मारलं जाणारं तणनाशक तुरीला चालतं, कारण दोन्ही डाळवर्गीय आहेत. पण त्या रानात ज्वारीची ओळ असेल तर ज्वारी मरते. म्हणजे सोयाबीनमध्ये ज्वारी घ्यायची तर खुरपणीला बाया लागणार, आणि खुरपणीला बाया मिळत नाहीत ही आज गावोगावची तक्रार आहे. सोयाबीन हार्वेस्टरनं काढायचं असेल, तर मध्ये उभी असलेली तूर आड येते. शिवारात एकट्यानंच बाजरी लावली तर सगळ्या गावाची पाखरं त्याच्याच रानात उतरतात, आणि रानडुकरांचं काय करायचं हा प्रश्न तर वेगळाच आहे. जुन्या काळी तिफणीच्या मागे सरतं धरून बायका तुरीची ओळ पेरत चालायच्या. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात वेगवेगळ्या कप्प्यांत दोन बियाणं घालता येतात, पण भाड्याचं यंत्र घाईत असतं आणि पेरणीच्या दिवशी ड्रायव्हर दुसऱ्या वावरात जायला उतावीळ असतो.

यातली बरीच कामं एकट्या शेतकऱ्यानं सुटणारी नाहीत. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून सलग ज्वारी-बाजरी लावली तर पाखरांचं नुकसान वाटलं जातं. गटानं यंत्र घेतलं तर तुरीच्या ओळीचा विचार करून पेरता येतं. पीक विम्याबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: भरपाईचा हिशेब बहुतेक वेळा महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठरतो, तुमच्या रानात काय झालं यावर नाही. शिवाय सातबाराच्या बारा नंबरात मिश्र पिकासाठी वेगळे रकाने आहेत आणि ई-पीक पाहणीतही मिश्र पीक नोंदता येतं. घाईत फक्त सोयाबीन नोंदवलं, की कागदावर तूर कधी उगवलीच नाही असं होतं, आणि हमीभाव केंद्रावर तूर घेऊन गेल्यावर अडचण येते.

या खरिपासाठी ठरवताना

भिंतीवरचं कॅलेंडर काढा. घरात घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक पिकासाठी दोन खुणा करा: पाणी हवंच असे आठवडे, आणि पाऊस नकोच असे काढणीचे आठवडे. दोन पिकांच्या दोन्ही खुणा एकमेकांवर पडत असतील, तर दुसरं पीक तुमचा धोका फारसा कमी करत नाही. त्यानंतर विचारा: दोघांवर एकच कीड येते का? मूळ एकाच खोलीवर जातं का? पैसे एकाच महिन्यात येतात का? जनावराला यातलं कशापासून काय मिळतं?

भारी काळ्या जमिनीत सोयाबीन आणि तूर हे जोडपं या कसोटीवर चांगलं उतरतं. मराठवाड्यासाठी सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन ओळी ही शिफारस आहे. पाणी साचणारं रान असेल तर रुंद वरंबा-सरीवर पेरा, म्हणजे सरीतून जास्तीचं पाणी निघून जाईल आणि खंडात वरंब्याखाली ओल टिकेल. हलक्या, मुरमाड रानात सोयाबीनचा अट्टहास करू नये. तिथे बाजरीत तूर किंवा मटकी जास्त भरवशाची. विहिरीला रब्बीपुरतं पाणी असणाऱ्यांना एक गोष्ट खटकेल: रानात तूर उभी राहिली की सोयाबीनच्या मोकळ्या पट्ट्यांत हरभरा नीट घेता येत नाही. त्यांनी सगळ्या रानात तूर घालू नये. निम्म्या रानात सोयाबीन-हरभरा, निम्म्यात सोयाबीन-तूर, आणि थोडी रब्बी ज्वारी कडब्यासाठी, असं वाटून घेतलं तरी चालतं. एकाच वाफ्यात सगळं मिसळायलाच हवं असं नाही. वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळी पिकं हेही वैविध्यच आहे.

तुरीचा वाण निवडताना ओल किती दिवस टिकते ते बघा. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीडीएन-७११ हा पांढरा वाण दीडशे-एकशे साठ दिवसांत येतो, त्यामुळे परतीचा पाऊस कमी झाला तरी दाणा भरायला ओल पुरते. जमीन भारी असेल आणि ओल डिसेंबरपर्यंत टिकत असेल, तर बीडीएन-७१६ सारखा थोडा उशिराचा वाणही चालतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या खरीप मेळाव्यात, १८ मे च्या सुमारास, परभणीला हे बियाणं विक्रीला असतं. रांग पहाटेपासून लागते आणि पिशव्या लवकर संपतात, म्हणून गावातल्या चार जणांनी मिळून एकाला पाठवलेलं बरं. एकदा चांगलं बियाणं हातात आलं की तुरीचं बी घरचं ठेवता येतं: रोगट झाडं आधीच उपटून टाकायची, चांगल्या झाडांच्या शेंगा वेगळ्या झोडायच्या, उन्हात वाळवून राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायच्या, आणि जूनच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजायचं. पंचाहत्तरच्या वर उगवले तर बी पेरायला योग्य.